अर्ध्या मिनिटाची वीज

मायक्रोवेव्ह आमच्या घरात आला तेव्हा भट्टीवाल्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. भट्टीवाले म्हणजे आमचे हे. अख्खा जन्म पावाच्या भट्टीसमोर गेला त्यांचा. भट्टी किती तापली हे बाकीचे लोक काट्यावर बघायचे, हे आत तोंड घालून मिशी किती वळते ते बघायचे. एकदा डावीकडची मिशी जास्त वळली, तर मालकाला भट्टीची डावी भिंत पाडून नव्यानं बांधायला लावली ह्यांनी. कुणाला खोटं वाटलं तर वाटो, पाव चांगले निघायला लागले एवढं खरं.

अशा माणसाच्या घरात लेकानं ते खोकं आणून ठेवलं. ना जाळ, ना निखारा, ना राख. ह्यांनी चारी बाजूंनी पाहिलं, मागे हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा गरम करत नाही, दम देतो. अन्नाला घाबरून घाम फुटतो, एवढंच."

पुढे त्याच खोक्यावर ह्यांचं जगणं येऊन टेकलं.

एका सकाळी बूट घालता घालता ह्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून फक्त "आं" निघायचं. पण समज जाग्यावर होती. ते मला माहीत होतं, कारण मी थाप मारली की डावी भुवई पूर्वीसारखीच वर जायची. बाकीच्यांना वाटायचं, म्हातारा गेला, खुर्ची राहिली.

गिळायचं सगळ्यात अवघड. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. पाणी सरळ चुकीच्या नळीत जातं. गार किंवा कोमट घास तोंडात आहे हे त्यांना कळतच नाही, तो गालात पडून राहतो आणि मग ठसका लागतो. घट्ट आणि चांगलं गरम असेल तरच जीभ जागी होते आणि घास खाली उतरतो. "ह्यांचं खाणं थांबू देऊ नका," बाई म्हणाल्या. "या वयात एकदा थांबलं की परत सुरू होत नाही." नाकातून खाणं घालायच्या नळीचं विचारलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. दवाखान्यात ह्यांनी डाव्या हातानं नळी दोनदा उपसून फेकली होती. परत घालायची तर तो हात बांधून ठेवावा लागेल म्हणाल्या.

तेव्हा सूप. घट्ट आणि गरम. एक वाटी संपायला आम्हाला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात ह्यांनी पूर्वी पावाची अख्खी भट्टी काढली असती. अर्ध्यावर वाटी गार व्हायची. मग मी उठायचे, वाटी खोक्यात, बटण दाबायचं, अर्धं मिनिट घरघर, टिंग. परत चार चमचे. परत गार. परत टिंग.

गॅसवर का नाही, असं शेजारीण विचारायची. गॅस मला बंद होता. मी एकदा शेगडी चालू ठेवून खाली भाजी घ्यायला गेले होते. पातेलं जळालं, पडद्याचा कोपरा जळाला, बाकी काही नाही. पण तेव्हापासून सून कामावर जाताना सिलिंडरचा खटका बंद करून जायची, आणि तो माझ्या बोटांनी हलायचा नाही. ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं तपासते. हजारो बटणं ओढून ओढून बघते, त्यामुळे तिच्या बोटांत लोहाराचा जोर आहे. तिनं आवळलेली बाटली उघडायला आम्ही पाहुण्यांची वाट बघतो.

आता ह्यांचं तोंड उघडायचं कसं, तर ती माझी युक्ती. थापा. "ऐकलंत का, वरच्या मजल्यावरच्या वकिलाला काल मांजरानं नोटीस दिली." भुवई वर. "मग काय तर. जिन्यात त्याच्या शेपटीवर पाय दिला म्हणून. नोटीस दाखवली मला वकिलानं, खाली पंजाचा अंगठा." ह्यांना राहवायचं नाही, "आं" करून हरकत घ्यायचे, आणि घातलाच मी चमचा. जेवढी मोठी थाप तेवढं मोठं तोंड. त्या दिवसांत त्या मांजरानं सगळ्या इमारतीवर खटले भरले होते.

आणि मग विजेचं बिल आलं.

लेक फर्निचरच्या दुकानाची व्हॅन चालवतो. दुकानाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मालकानं त्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या होत्या. संध्याकाळी तो बिल घेऊन टेबलाशी बसला. आकडा दोनदा वाचला. मग बिल उलटं करून मागची बाजू वाचली, जणू मागे कुणी 'गंमत केली' असं लिहिलं असेल.

"एवढं कसं येईल," तो म्हणाला. "आपण आहोत किती जणं. दिवे लावतो किती."

"उन्हाळा आहे," सून म्हणाली. "पंखे दिवसभर चालतात."

"पंखे मागच्या उन्हाळ्यातही होते." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "ते खोकं नव्हतं एवढं चालत."

मी म्हटलं, "त्या खोक्याला काय बोलतोस. फ्रिजला बोल. तो मेला झोपतच नाही. दिवसभर धापा टाकतो आणि वर चालत चालत पुढे येतो. मागच्या महिन्यात भिंतीला टेकून होता, आता बघ, माझ्या वाटेत उभा आहे."

"आई," लेक म्हणाला, "फ्रिज चालत येतो?"

"रोज बोटभर."

"आणि मांजर कोर्टात जातं."

सून हसली. मीही हसले. आपलीच ख्याती, करणार काय. तो फ्रिज लेकानं एका गिऱ्हाइकाकडून जुना घेतला होता आणि स्वतःच्या पाठीवर जिना चढवून आणला होता. पाठीवरून आणलेल्या वस्तूत माणसाला खोट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. आमच्या इमारतीत सगळ्यांचे मीटर खाली, जिन्याखालच्या बोळात. प्रत्येक मीटरवर एक बारका लाल दिवा असतो, वीज जाईल तसा तो लुकलुकतो. लेक खाली जाऊन मीटरसमोर उभा राहिला. वर सून फोन कानाला लावून, आणि मी खोक्यात कपभर पाणी ठेवून बटणावर बोट ठेवून.

"लाव म्हणतायत," सून म्हणाली. मी लावलं.

खोकं घरघरायला लागलं. मग लेकाचा आवाज मलाही ऐकू आला, "बंद कर. बंद कर आधी. दिवा वेडा झालाय इथे."

वर आला तो धापा टाकत. आम्हाला स्वतःच्या पापण्यांनी करून दाखवलं. "एरवी असा," म्हणून पेंगुळल्यासारखी हळू उघडझाप केली. "आणि खोकं लावलं की असा," म्हणून डोळ्यात तिखट गेल्यासारखा मिचमिचला. "म्हणजे बघा. आणि हे दिवसभर चालू आहे आपल्या घरात. आपण कामावर गेलो की टिंग, टिंग, टिंग. एका वाटीला पाच-पाच वेळा. त्या एका वाटीत केवढ्याची वीज जाते कळतंय का कुणाला? बिल भरलं नाही तर लाइन कापतील. मग बसा सगळे अंधारात."

"हळू बोला," सून म्हणाली. "बाबा ऐकतायत."

ह्यांची खुर्ची तिथेच खिडकीशी होती. लेकानं वळून पाहिलं. फार थकला होता तो, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. म्हणाला, "त्यांना काय कळतंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. भुवई वर गेली नव्हती. डोळे भिंतीवर होते.

मायक्रोवेव्हवर बंदी आली. आणि माझा भरवसा नाही म्हणून लेकानं खोक्यातली काचेची गोल थाळी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि व्हॅनमध्ये ठेवली. रोज ती थाळी गावभर फिरायची. सोफे, कपाटं आणि आमची थाळी. त्याच्या डोक्यात पक्कं होतं की थाळीशिवाय खोकं चालत नाही. मलाही तसंच वाटलं, नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

त्याबदली मला फ्लास्क मिळाला. मोठा, लाल झाकणाचा. सून पहाटे उठून सूप करायची, उकळतं भरायची, झाकण आवळून जायची. हो, आवळून. पहिल्या दिवशी ते झाकण उघडायला मी शेजारणीला बोलावलं, ती नव्हती, मग दाराच्या फटीत झाकण अडकवून फ्लास्क पिळला. त्यानंतर तिला सांगितलं, बाई गं, हलक्या हातानं लाव. तर हलक्या हातानं लावलेल्या झाकणातून वाफ जायची. दुपारपर्यंत सूप कोमट आणि वर साय धरलेली.

पहिला आठवडा ह्यांनी थोडं थोडं घेतलं. सुरुवातीचे चमचे जायचे, मग वाटी गार. गालात साठायचं, ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मी पाठ चोळायचे आणि परत थाप मारायचे. पण थापेलाही गरम वाटी लागते. ठसकलेल्या माणसाला मांजराच्या खटल्यात काय गोडी.

मग एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर खोलीत अंधार. खुर्चीशेजारचा दिवा बंद. मला वाटलं बल्ब गेला. बटण दाबलं तर लागला. ह्यांनी डावा हात उचलला, हळूहळू बटणापर्यंत नेला आणि परत बंद केला.

"अहो," मी म्हटलं, "अंधारात कशाला?"

पंख्याचं बटणही त्याच बोर्डावर होतं. तेही दाबलं ह्यांनी. पंखा थांबला. कपाळावर घाम होता, तसेच बसून राहिले.

लेक आला, त्यानं विचारलं, अंधारात का बसलाय म्हणून. मी सांगितलं, बाबांनी दिवा बंद केला, पंखाही. तो हसला. त्या महिन्यात तो एकदाच हसला असेल. म्हणाला, "बघ आई. बाबांना कळतं. तुलाच कळत नाही."

त्याला ते बोलताना आपलंच आधीचं बोलणं आठवलं नाही. मला आठवलं. ह्यांनाही आठवलं असणार.

त्या दिवसानंतर ह्यांचे ओठ मिटले. मी आधी फ्लास्कला दोष दिला. पण सुट्टीच्या दिवशी सुनेनं गॅसवर सूप उकळून आणलं, वाफाळतं, माझ्या हातात दिलं. मी सगळ्यात मोठी थाप काढली, राखून ठेवलेली. सांगितलं की वकिलानं शेवटी मांजराशी तडजोड केली आणि आता दोघं मिळून ऑफिस चालवतात, पाटीवर आधी मांजराचं नाव. ह्यांच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. हसू आलं होतं आतून, मी पाहिलं. पण ओठ नाही सुटले. दाबून धरले. मग डाव्या हातानं वाटी माझ्याकडे सरकवली. तू खा, असं.

गिळता येत नव्हतं म्हणून नाही. घ्यायचंच नव्हतं.

मी लेकाला सांगितलं. सरळ शब्दांत, एकही फोडणी न घालता. "ते खात नाहीयेत. तू बोललास ते ऐकलंय त्यांनी. आपल्यामुळे लाइन कापतील असं वाटतंय त्यांना."

"आई, फ्लास्क रोज रिकामा असतो."

"मी ओतून टाकते. दिवसभराचं ठेवून काय करू."

"तू काल म्हणालीस दोन चमचे गेले. परवा म्हणालीस काहीच गेलं नाही. त्याच्या आधी म्हणालीस, फ्रिज तुझ्या अंगावर येतोय." त्यानं डोकं धरलं. "तुझं एक धरायचं आणि नऊ सोडायची, आम्ही तसंच शिकलोय गं. कोणतं धरायचं ते तरी सांग."

"हे धर," मी म्हटलं.

त्यानं धरलं नाही असं नाही. जवळ जाऊन बसला ह्यांच्या, विचारलं, "बाबा, जेवलात ना?" आणि आमच्या ह्यांनी मान हलवली. हो. चक्क हो. जन्मभर मी थापा मारल्या आणि हे मला हसले, आणि एवढी एकच थाप मारली त्यांनी, ती लगेच खपली. खरं बोलणाऱ्या माणसाची थाप फार भारी असते.

सुनेनं मात्र त्या दिवसापासून ह्यांच्या मनगटाकडे बघायला सुरुवात केली. ती एकदा हळूच म्हणाली, "आई, बाबांचं घड्याळ कोपरापर्यंत वर जातंय." आम्ही डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी छाती ऐकली, कातडी चिमटीत धरून पाहिली, ती तशीच उभी राहिली. "काय देताय खायला?" त्यांनी विचारलं. मी फ्लास्क दाखवला. त्यांनी झाकण उघडून आतलं कोमट सूप पाहिलं. सलाइन लावून गेल्या.

पुढचं बिल आलं तेव्हा लेक दारातच उभा राहून ते वाचत होता. बूट काढलेच नाहीत.

"किती कमी आलं?" सुनेनं विचारलं.

त्यानं बिल पुढे केलं. तिनं कागद घेतला. मागच्याइतकंच होतं. खरं म्हणजे थोडं जास्तच.

खोकं सगळा महिना एकदाही लागलं नव्हतं. थाळी व्हॅनमध्ये होती. आणि फ्रिज घरघरत होता. सून त्याच्याकडे बघायला लागली. मग ती उठली, दार उघडलं, दाराच्या आतल्या कडेला जो रबराचा पट्टा असतो त्यावरून बोट फिरवत खाली गेली. बटणं तपासणारं बोट ते. खालच्या कोपऱ्यात थांबलं. पट्टा सुटून लोंबत होता. दार लावलं की तिथे फट राहायची आणि सगळी थंडी जमिनीवर सांडायची. आत गार होतच नव्हतं, त्यामुळे मोटर थांबतच नव्हती. आणि थरथरत थरथरत तो खरोखर पुढे आला होता. मागे फरशीवर त्याच्या पायांच्या ओरखड्यांच्या दोन रेघा होत्या.

लेक खाली गेला. सुनेनं फ्रिजचा प्लग काढला आणि फोनवर म्हणाली, "काढला." मला त्याचा आवाज ऐकू आला नाही. ती म्हणाली, "काय झालं? सांगा ना." मग तिनं फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, "दिवा थांबला म्हणतायत. जवळजवळ थांबलाच."

म्हणजे असं. जो अर्धं मिनिट धावतो त्याचा दिवा वेड्यासारखा लुकलुकला, म्हणून तो चोर. आणि जो दिवसरात्र सावकाश खिसा कापत होता, तो पेंगुळलेला दिसला म्हणून साव. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण इथे संन्यासी खोकं नव्हतं.

लेक वर आला तो थाळी घेऊनच. टॉवेल सोडला, थाळी धुतली, पुसली, परत धुतली. खोक्यात बसवली. सूप वाटीत घेतलं, बटण दाबलं. टिंग झालं तेव्हा ह्यांचे डोळे मिटले, कुणीतरी मारणार आहे तसे.

लेक खुर्चीसमोर जमिनीवर बसला. चमचा पुढे केला. ओठ मिटलेले.

"बाबा, चूक माझी होती," तो म्हणाला. "ते खोकं नव्हतं. फ्रिज होता. मी आणलेला. तुमच्या सूपाला काहीच वीज लागत नाही. एक दिवा संध्याकाळभर जळतो, तेवढीसुद्धा नाही."

ह्यांनी डावा हात उचलला. दिव्याच्या बटणाकडे नेला. आता हात बटणापर्यंत पोचत नव्हता, मध्येच खाली आला. तरी परत उचलला. लेकानं तो हात धरला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू सांग ना काहीतरी. त्यांना तुझं आवडतं."

मी तोंड उघडलं. मला काही सुचलं नाही. कधी नव्हे ते, काही नाही.

तेव्हा तोच सांगायला लागला. जन्मात कधी खोटं न बोललेलं पोरगं ते, त्याला थाप कशी उभी करायची हेही ठाऊक नाही. "बाबा, विजेच्या ऑफिसातून माणूस आला होता," तो म्हणाला. "तो म्हणाला, भट्टीवाल्यांचं घर ना हे? मग ह्यांना फुकट. त्यांचा साहेब लहान असताना तुमचे पाव खायचा म्हणे. रोज. म्हणून आता आपल्याला सगळं फुकट, बाबा. दिवे, पंखे, खोकं. कितीही लावा." त्यानं चमचा परत ओठांशी नेला. "कितीही."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ, फार मायेनं पाहिलं. भुवई वर गेली नाही. ओठ सुटले नाहीत.

सून दाराशी उभी होती, तोंडावर पदर घेऊन. लेकानं चमचा वाटीत ठेवला. सूपावर साय धरली. तो उठला, वाटी गरम करून आणली, परत समोर बसला. थोड्या वेळानं परत उठला. परत गरम करून आणली.